छत बसवण्याआधी

आमच्या वारंगा फाट्यावर सगळे काही येते. नांदेडहून निघालेली वाहने इथे दोन वाटांनी फुटतात. काही हिंगोलीकडे जातात, काही हदगाव-उमरखेड-यवतमाळमार्गे नागपूर गाठतात. हळदीची पोती, अर्धापूरची केळी, उसाचे ट्रॅक्टर, लग्नाची वऱ्हाडे, खिचडी खायला थांबलेले ट्रकवाले, सगळे आम्ही पाहिलेले आहे. जहाज तेवढे कधी आले नव्हते. गेल्या मे महिन्यात तेही आले, माझ्या धाकट्या भावाच्या बॅगेतून.

भाऊ बहरीनला जहाजदुरुस्तीच्या गोदीत इलेक्ट्रिशियन आहे. नांदेडला आयटीआय केले, दोन वर्षे घरोघरी वायरिंगची कामे केली आणि मग गेला. ज्याच्या गावाला रात्रभर रेल्वेत बसल्याशिवाय समुद्र दिसत नाही, तो माणूस गेली नऊ वर्षे जहाजांच्या पोटात वायरी ओढतो आहे. दोन वर्षांतून एकदा 40 दिवसांची सुट्टी मिळते. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, दहा वर्षांचा आहे. बापलेक एकत्र किती राहिले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

भावाचे एक इंजिनिअर साहेब नोकरी संपवून मायदेशी गेले. जाताना त्यांनी एक भला मोठा खोका याच्या हवाली केला. ‘माझी मुले मोठी झाली, तुझ्या मुलाला दे’, म्हणाले. आत लेगोचे टायटॅनिक होते, एकही पिशवी न फोडलेले. विकत घ्यायचे तर 2021 साली ते बाजारात आले तेव्हाची किंमत 630 डॉलरच्या घरात होती. आपल्या घरातून कुणी खेळण्यावर एवढा पैसा टाकला असता तर मीच चार शब्द सुनावले असते. पण ही भेट होती. विमानात सामानाचे वजन ठरलेले असते, म्हणून भावाने खोका फेकला, स्वतःचे कपडे काढून ठेवले आणि ठोकळ्यांच्या पिशव्या बॅगांत कोंबून आणल्या. सोबत स्वतःच्या पैशाने एक छोटा डबा आणला होता. त्या जहाजात बसवायच्या एलईडी दिव्यांचा.

लेगो म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात एका सुताराने 1932 साली लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली, त्यातून ही कंपनी झाली. वर बटणे आणि खाली पोकळ नळ्या असलेला आजचा प्लास्टिकचा ठोकळा 1958 सालचा. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही घट्ट बसतो, इतके त्याचे माप नेमके आहे. या टायटॅनिकमध्ये असे 9,090 तुकडे आहेत. पूर्ण झाल्यावर जहाज 135 सेंटिमीटर लांब होते. आमच्या भाच्याला शेजारी आडवे झोपवले तर दोघे जवळपास सारखेच भरतील.

आता 40 दिवसांचे काय झाले ते ऐका. पहिला आठवडा भेटायला येणाऱ्यांत गेला. मग दावती. मग मामेबहिणीचा निकाह. पासपोर्टचे नूतनीकरण, बँकेचे काम, सातबाऱ्यासाठी कळमनुरीच्या चकरा, पावसाळ्याआधी घराच्या पत्र्यांची दुरुस्ती. रात्री दहाला हा घरी यायचा तेव्हा पोरगा ठोकळ्यांच्या ताटांमध्येच झोपी गेलेला असायचा. हो, ताटांमध्ये. आमच्या अम्मींनी घरातली सगळी स्टीलची ताटे तुकडे वेगळे करायला दिली होती आणि पंधरा दिवस आम्ही वाट्यांमध्ये जेवलो. बापलेक दोघे मिळून खरोखर बसले अशा संध्याकाळी मी मोजल्या. अकरा भरल्या.

भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “आधी दिवे टाकत जाऊ, मग वरचा मजला बसवू. छत बसल्यावर वायर ओढायची म्हणजे फार त्रास.” हे त्याचे रोजचेच काम. पण दिवस कमी पडत चालले तशी घाई झाली. पोराला जहाज पूर्ण झालेले पाहायचे होते, बापाला ते पूर्ण करून द्यायचे होते. शेवटच्या रात्री चौथे धुराडे बसले. दिव्यांचा डबा तसाच बंद राहिला.

पोराने विचारले, “अब्बा, लाइट?”

“पुढच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह.”

पुढची सुट्टी म्हणजे दोन वर्षे, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते. तो काही बोलला नाही. भाऊ गेला आणि त्यानंतर पोराने फोनवर यायचेच सोडले. शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला की कधी याला अभ्यास असायचा, कधी शौचालयात जायचे असायचे, कधी गल्लीत क्रिकेट असायचे. जहाजावर त्याने जुनी ओढणी टाकून ठेवली होती. भावजय मला म्हणाली, “आपा, हा असा का वागतो? सगळे तर आणून देतात त्याला.”

वीस वर्षे वर्गात काढलेल्या बाईला याचे उत्तर माहीत असायला हवे होते. मलाही लगेच सुचले नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा एका दुपारी मी तो डबा घेऊन त्याच्यासमोर बसले. म्हटले, “मला विजेतले काही कळत नाही. उर्दू आणि मराठी शिकवते मी. तू वाचून सांग, हे कसे करायचे.” डब्यातल्या कागदावर वाचायला शब्दच नव्हते, नुसती चित्रे होती. तो बराच वेळ ती पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “फुप्पू, याला तर सगळे उघडावे लागेल.”

“मग उघडू. ठोकळेच आहेत ना?”

या ठोकळ्यांचा हा गुण मला फार आवडला. डिंक नाही, खिळा नाही. चुकले तर उघडता येते आणि पुन्हा तसेच्या तसे बसवता येते. हे जहाज तर मुळातच तीन भागांत सुटे होते, आतले जिने, खोल्या, बॉयलर आणि इंजिन दिसावे म्हणून. मागचे पंखे हाताने फिरवले की आतल्या इंजिनाचे दट्टे वरखाली होतात.

दिवे म्हणाल तर ज्वारीच्या दाण्याहून लहान. त्यांना जोडलेली वायर शिवणाच्या दोऱ्याएवढी. ठोकळ्याच्या दोन बटणांमध्ये सुमारे 3 मिलिमीटरची फट असते, वायर त्या फटीतूनच न्यायची. चुकून बटणाच्या डोक्यावर राहिली आणि वरून ठोकळा दाबला, तर वायर चिरडली गेलीच म्हणून समजा. साधा बल्ब तापतो, त्याने प्लास्टिक मऊ पडेल. एलईडी फारसा तापत नाही, म्हणूनच तो अशा बंद जागेत चालतो.

पहिल्याच दिवशी आम्ही अडलो. एक माळ लावली आणि ती पेटेचना. पोरगा चिमटा हातात घेऊन माझ्याकडे पाहू लागला, मी त्याच्याकडे. मी म्हटले, “ज्याला येते त्याला विचारावे लागेल.” तो गप्प. पाच मिनिटे तशीच गेली. मग म्हणाला, “तुम्ही लावा फोन. मी बोलणार नाही, नुसते दाखवीन.”

शुक्रवार होता. बहरीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. भाऊ नुकताच जुमा पढून खोलीवर आला होता. मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. भावाने माझी विचारपूस केली नाही, मुलाला रागावला नाही, सुट्टीचा विषयही काढला नाही. एवढेच म्हणाला, “प्लग उलटा आहे. काढ, फिरव, हलक्या हाताने लाव. वायर ओढू नकोस, प्लगला धर.” पोराने तसे केले. माळ पेटली. दोघेही काही बोलले नाहीत, पण फोन दीड तास चालू राहिला.

त्यानंतरच्या शुक्रवारांत मी जे शिकले ते इथे लिहिते. कुणाच्या घरी उपयोगी पडेल.

पहिले, प्रत्येक माळ बसवण्याआधी पेटवून पाहायची. बसवल्यावर पुन्हा पेटवायची. वरचा ठोकळा लावल्यावर तिसऱ्यांदा. भाऊ म्हणाला, “गोदीतही आम्ही हेच करतो. पत्रा बंद झाल्यावर सापडलेली चूक सगळ्यात महाग पडते.”

दुसरे, माळांची जोडणी. उर्सातल्या जुन्या माळा आठवतात ना? त्यात एक दिवा गेला की सगळी रांग अंधारात, कारण वीज एका दिव्यातून दुसऱ्यात जायची. जहाजातले दिवे समांतर जोडलेले असतात. एक गेला तरी बाकीचे जळतात. हा धडा आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही आहे, पण मला तो चाळिशी ओलांडल्यावर समजला.

तिसरे, पांढऱ्या ठोकळ्यांतून उजेड झिरपतो. खिडकीतून उजेड यायला हवा, तर सगळी भिंतच उजळून दिसते. पोराने त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद लावायचे ठरवले. भावाने फोनवरूनच अडवले, “तो धातूचा आहे, वायरीला लागला तर शॉर्ट होईल. काळा कागद लाव.” आम्ही जुन्या वहीचे काळे पुठ्ठे कापून आतून लावले.

चौथे, जहाजाचे तीन भाग जिथे सुटतात तिथून वायर सलग न्यायची नाही. तिथे प्लग ठेवायचा, म्हणजे भाग वेगळे करताना काही तुटत नाही.

एक गंमतही झाली. भावाने किटमध्ये नसलेले दोन दिवे, एक लाल आणि एक हिरवा, जास्तीचे दिले होते. पोराने मोठ्या हौसेने ते दोन बाजूंना लावून फोनसमोर धरले. भाऊ इतक्या दिवसांत प्रथमच मोकळा हसला. “अरे, तुझे जहाज उलटे चालले आहे!” जहाजावर उभे राहून पुढे तोंड केले की डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, हा जगभरातल्या जहाजांचा नियम आहे. पोराने जहाजासमोर बसून दिवे लावले होते, त्यामुळे त्याचे डावे ते जहाजाचे उजवे झाले. भाऊ सांगू लागला, “रात्री समुद्रात समोरचे जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. नुसता लाल दिसला तर कळते की त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. दोन्ही दिसले तर ते थेट आपल्यावर येते आहे.” पोरगा कान टवकारून ऐकत होता. आणि मग पहिल्यांदा त्याने थेट बापाला विचारले, “अब्बा, तुम्ही खऱ्या जहाजावर असा दिवा लावला आहे?”

“किती तरी.”

“कोणता? लाल की हिरवा?”

मी चहा करायच्या निमित्ताने उठले. तिथे माझी गरज उरली नव्हती.

टायटॅनिकच्या दिव्यांची खरी गोष्टही त्याच दिवसांत निघाली. ते जहाज हिमनगाला धडकले 14 एप्रिल 1912 च्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी आणि बुडाले 2 वाजून 20 मिनिटांनी. या पावणेतीन तासांत जहाजात पाणी भरत होते, पुढचा भाग खाली जात होता, तरी दिवे जळत राहिले. जहाजात सुमारे 10,000 दिवे होते आणि त्यांना वीज पुरवायला वाफेवर चालणारे 400 किलोवॅटचे चार डायनॅमो. बचाव-नौकांत बसलेल्यांनी पुढे सांगितले की अगदी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत खिडक्या उजळलेल्या दिसत होत्या. त्या उजेडामुळे लोकांना वाट सापडली, नौका उतरवता आल्या, तारायंत्राने मदत मागता आली. पंधराशेहून जास्त माणसे त्या रात्री गेली, पण सातशेहून अधिक वाचली. खाली वाफ आणि वीज चालू ठेवणारे इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन आणि त्यांचे सोबती असे 35 जण होते. त्यांच्यातला एकही परतला नाही. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरात 1914 साली त्यांचे स्मारक उभारले गेले.

हे मी वाचून दाखवत होते. पोराने विचारले, “फुप्पू, ते वर का आले नाहीत?”

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात फोनमधून भाऊ म्हणाला, “बेटा, ते वर आले असते तर वर अंधार झाला असता.”

पोरगा त्यावर काही बोलला नाही. पण त्या रात्री जेवताना त्याने आपल्या अम्मीला विचारले, “अब्बांच्या खोलीत एसी आहे ना? ते काम करतात तिथे किती गरम असते?” नऊ वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता. मीही नाही. आम्ही विचारायचो ते एवढेच, की पैसे कधी येतील आणि सुट्टी कधी मिळेल.

वाचक बहिणींनो आणि भावांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरचा एक माणूस असाच बाहेर आहे. कुणी आखातात, कुणी मुंबई-पुण्यात, कुणी ट्रकवर. तो सुट्टीला येतो तेव्हा आपण त्याचे दिवस वाटून घेतो. दावत आपली, काम आपले, तक्रार आपली. मुलांच्या वाट्याला उरते ते सामान. सामान चांगले असते, महागही असते, पण ते उघडायला सोबत कुणी नसते. भाऊ पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्या दिवसांतली रोजची एक संध्याकाळ मुलाची, असे मी अम्मींशी बोलून ठरवले आहे. ज्यांना दावत द्यायची आहे त्यांनी दुपारची द्यावी. कुणाला राग आला तर मी समजूत काढीन.

आणि यासाठी टायटॅनिक लागत नाही, हेही सांगते. सुट्टीनंतर मी वर्गातल्या मुलांकडून पुठ्ठ्याची जहाजे करून घेतली. जाड पुठ्ठा, डिंक, खिडक्या पाडायला जुनी पंचमशीन, आणि नांदेडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेले 3 मिलिमीटरचे एलईडी. 3 व्होल्टच्या गोल बटणसेलवर असा एक पांढरा दिवा थेट पेटतो. लांब पाय धनाकडे, आखूड पाय ऋणाकडे. मोबाइलच्या जुन्या 5 व्होल्टच्या चार्जरवर चालवायचा असेल तर प्रत्येक दिव्याला सुमारे 220 ओहमचा रेझिस्टर जोडायचाच, नाही तर दिवा जळून जातो. घरातल्या भिंतीच्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही, ही अट पहिल्या दिवशीच घालायची. बटणसेल अगदी लहान मुलांच्या हाती पडू द्यायचे नाहीत. ते गिळले गेले तर जिवावर बेतते. दोघांनी मिळून करायचे काम असावे, एवढेच महत्त्वाचे. एकाने धरायचे, दुसऱ्याने जोडायचे.

आमचे जहाज नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी मग़रिबनंतर पेटले. नेमकी वीज गेली होती, म्हणून पॉवरबँकवरच लावले. गल्लीतली पंधरा-वीस पोरे दारात उभी होती. अंधाऱ्या खोलीत खिडक्यांच्या रांगा एकदम उजळल्या आणि अम्मींच्या तोंडून “माशाअल्लाह” निघाले. मधल्या भागातली एक रांग मात्र पेटली नाही. कुठे तरी वायर दबली होती. पूर्वीचा पोरगा असता तर रडला असता. याने चिमटा उचलला, छताचे तुकडे काढले, दबलेली वायर सोडवून फटीत बसवली. बहरीनला भाऊ हे सगळे बघत होता, एक शब्दही न बोलता.

सगळे झाल्यावर माझ्या लक्षात आले, मागच्या भागातली इंजिनची खोली अंधारातच आहे आणि तिच्यावरचे मजले काढून बाजूच्या ताटात ठेवले आहेत. मला वाटले, विसरला. म्हटले, “इथली माळ राहिली रे.”

“राहिली नाही, फुप्पू. ठेवली आहे.” त्याने वायरीचे टोक दाखवले. प्लग बाहेर काढून, कागदात गुंडाळून, त्यावर स्केचपेनने लिहिले होते, ‘अब्बा’.

“इंजिनचे काम त्यांचे आहे. ते आले की आधी दिवा लावू. मग छत बसवू.”